पुलाखालची वाट : हावड्याच्या पुलाची हकीकत

नदीवर पूल होणार अशी वार्ता आली म्हणजे गावात आनंद होतो, आणि तो रास्तच आहे. सरकारी नोकरीत असताना तरीच्या मक्त्याचे कागद आमच्या हातांतून पुष्कळ गेले. पावसाळ्यात तर बंद पडली म्हणजे पलीकडच्या शेतकऱ्याचे काय हाल होतात हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु ज्या नदीतून होड्या, पडाव व आगबोटी चालतात, तेथे पूल बांधणे म्हणजे एका वाटेवरून दुसरी वाट नेणे होय. वरच्या वाटेची काळजी सर्वांस असते. खालच्या वाटेची कोणी वाहावयाची? कलकत्त्यास या प्रश्नाचा निकाल लागण्यास सुमारे सत्तर वर्षे लागली; ती हकीकत वाचकांपुढे ठेवतो.

हुगळी नदीच्या एका काठी कलकत्ता शहर व दुसऱ्या काठी हावड्याचे रेल्वे स्टेशन. मध्ये भरती-ओहोटीचे पाणी. 1874 साली ब्रॅडफर्ड लेस्ली नामक इंजिनियराने येथे पाँटून म्हणजे पोकळ होडग्यांवर तरणारा पूल उभारला. लांबी 1528 फूट, रुंदी 62 फूट. काम चालू असतानाच त्या वर्षीच्या 20 मार्चच्या वादळात ‘इजेरिया’ नावाची आगबोट नांगर तुटून त्यावर आदळली व तीन होडगी बुडाली. तरीही ऑक्टोबरात पूल खुला झाला.

जहाजांसाठी या पुलाचा 200 फुटांचा भाग सोडवून बाजूस काढीत. तो काढला की गाड्या थांबत, परत लावला की जहाजे थांबत. 1906 पर्यंत हा उद्योग दिवसाच चाले. त्या सालच्या जूनपासून समुद्रावरील मोठ्या आगबोटी खेरीजकरून इतरांसाठी पूल रात्री उघडू लागले, तेव्हा दिवसाची खोळंबी बरीच कमी झाली. त्याच वर्षी ऑगस्टात वाहनांची मोजदाद झाली. अत्यंत वर्दळीच्या दिवशी दर तेरा वाहनांत आठ बैलगाड्या भरल्या! पुलाच्या चर्चेत बोलतात बग्गीवाले आणि मोजणीत भरतात बैलगाडीवाले, असा अनुभव आम्हांस आपल्याकडेही आहे. शिवाय तरता पूल पाण्याबरोबर चढतो व उतरतो. म्हणून त्याच्या दोन्ही टोकांस कधी चढ, कधी उतार. भरल्या गाडीच्या बैलांस तो चढ कसा वाटत असेल, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

पुढे 1921 साली सर राजेंद्रनाथ मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखाली कमिटी बसली, 1926 साली कायदा झाला, 1936 साली काम सुरू झाले, आणि महायुद्धाच्या धामधुमीत 3 फेब्रुवारी 1943 रोजी गाजावाजा न करता नवा पूल रहदारीस खुला झाला. यात पाहण्यासारखी गोष्ट ही की नदीत एकही खांब नाही. खांब घातले असते तर होड्यांस अडथळा होऊन प्रवाह अडला असता व गाळ साचला असता. भिंतीत दाबून बसविलेली तुळई जशी बाहेर निघते, तसे दोन्ही काठांवरील मनोऱ्यांपासून दोन हात नदीवर पुढे काढले आहेत. मागील बाजूस ते जमिनीशी जखडलेले आहेत, आणि त्यांच्या टोकांवर मधला भाग टेकला आहे. दोन मनोऱ्यांमधील अंतर 1500 फूट. एकंदर 26,500 टन पोलाद लागले, पैकी 23,000 टन टाटांच्या कारखान्याचे.

तथापि पाट मोकळा झाला तरी उंची मोकळी झाली नाही. पुलाखाली जागा सुमारे 29 फूटच. उंच डोलकाठीच्या गलबतास ती उतरविल्यावाचून गत्यंतर नाही, आणि समुद्रावरील मोठी जहाजे खालच्या अंगासच राहिली. त्याच नदीवर 1992 साली खुल्या झालेल्या विद्यासागर सेतूखाली मात्र सुमारे 85 फूट उंची ठेवली आहे.

आता आपल्याकडील गोष्ट. 2016 च्या कायद्याने देशातील एकंदर 111 जलमार्ग राष्ट्रीय ठरले. त्यांत कोकणातील सावित्री, वाशिष्ठी, कुंडलिका या नद्यांच्या खाड्या आहेत. तेथे नवा पूल निघाला तर खाडीकाठच्या खातेदारांनी नकाशा पाहताना रस्त्याच्या रुंदीबरोबर दोन खांबांमधील अंतर विचारावे, आणि खालच्या उंचीचा आकडा ओहोटीच्या पाण्यावरून धरला आहे की उधाणाच्या भरतीवरून, हे काम सुरू होण्यापूर्वी लेखी मागून घ्यावे.