अँबेसेडरचे ऑईल गळते, पण दोष सीलचाच आहे का?

बडनेरा म्हटले की रेल्वेचे जंक्शन आठवते. मुंबई-नागपूर मार्गावरून अमरावतीची शाखा येथूनच फुटते. रुळांच्या दोन्ही बाजूंना, जुन्या वस्तीत आणि नव्या वस्तीत, मोटार दुरुस्तीवर घर चालविणारे कारागीर आहेत. त्यांच्या दारात आजही अधूनमधून एखादी जुनी अँबेसेडर येऊन उभी राहते. मालक सांगतो, "उस्ताद, खालून ऑईल गळते. सील बदलून टाका." कारागिराच्या हुनराची आणि सचोटीची परीक्षा येथूनच सुरू होते.

गळती कोठून आहे हे न पाहता सील बदलले, तर चार दिवसांनी जमिनीवर पुन्हा डाग दिसतो. सील थोड्या पैशांचे असते, गेलेले गिऱ्हाईक मात्र फार महाग पडते.

आधी धुवा, मग सांगा

इंजिन रॉकेल किंवा डिझेलने स्वच्छ धुवून कोरडे करावे. संशयाच्या जागी खडूची भुकटी फासावी, इंजिन गरम होईपर्यंत चालवावे आणि मग बॅटरी लावून ओल कोठून सुरू होते ते पाहावे. ऑईल नेहमी खाली आणि मागे वाहते. त्यामुळे रॉकर कव्हरच्या किंवा बाजूच्या टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून गळणारे ऑईल मागच्या बाजूला उतरते आणि दोष मात्र क्रँकवर येतो. अशा वेळी एका पॅकिंगवर काम भागते. गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

ब्रीदरची नळीही पाहावी. ती काजळीने बुजली की इंजिनमधील दाब ऑईलला मिळेल त्या वाटेने बाहेर ढकलतो. मग नवे सीलही टिकत नाही. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त ऑईल भरले असेल, तरीही गळती वाढते.

मागे रबरी सील नाहीच

अँबेसेडरच्या जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाची एक गोष्ट नवशिक्या शागीर्दाने पक्की लक्षात ठेवावी. या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नसते. तेथे क्रँकवर स्क्रूसारखे आटे कापलेले असतात. क्रँक फिरताना ते आटे ऑईल परत आत ओढतात. इंजिन थांबले की ओढही थांबते, म्हणून दोन-चार थेंब पडणे नवल नाही. धार लागत असेल, तर ब्रीदर, ऑईलची पातळी आणि मेन बेअरिंगची झीज तपासावी. बेलहाऊसिंगच्या तळाच्या छिद्रात स्प्लिट पिन असते. गळती लपविण्यासाठी ते छिद्र कोणी बुजवू नये. ऑईल आत साचून क्लच प्लेटवर गेले की क्लच घसरू लागतो.

पुढचे सील बदलताना

पुढे टायमिंग कव्हरमध्ये मात्र सील असते. जुन्या कव्हरात नमद्याचे, नंतरच्या कव्हरात रबराचे. रेडिएटर आणि फॅनबेल्ट काढून हँडलच्या नटाची लॉक पट्टी सरळ करावी, नट खोलावा आणि पुली पुलरने काढावी. हातोड्याने ठोकू नये. कव्हरमागे ऑईल उडविणारी चकती असते. तिची बाजू काढतानाच खूण करून ठेवावी.

पुलीच्या ज्या भागावर सील घासते, तेथे नखाला लागेल अशी चीर असेल तर नवे सीलही गळणार. अशा वेळी पातळ स्लीव्ह चढवावी किंवा पुली बदलावी. रबरी सीलचे ओठ आणि बारीक स्प्रिंग ऑईलच्या बाजूला यावी. ओठाला ऑईल लावून सील सपाट ठोकळ्याने सारखे दाबत बसवावे.

खरी मेख पुढे आहे. कव्हरचे बोल्ट आधी सैलच ठेवावेत, पुली आत सरकवून सील मधोमध आणावे आणि मगच बोल्ट आवळावेत. ही एक पायरी चुकली की सील एका बाजूला दाबले जाते आणि सगळी मेहनत वाया जाते.

वऱ्हाडच्या उन्हात महिनोन् महिने उभी राहिलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर गळू लागते, कारण रबर वाळून कडक होते. नायट्राईल रबर साधारण १०० अंशांपर्यंत चालते. व्हायटन त्याहून बरीच जास्त उष्णता सोसते. सील घेताना आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी ही तिन्ही मापे जुळवून घ्यावीत.

जुन्या गाडीचे नवे मोल

अँबेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली. मात्र चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असण्याची अट आहे. म्हणून मागचे आटे कापून आधुनिक सील बसविण्याची युक्ती करण्यापूर्वी मालकाला हे सांगणे कारागिराचे कर्तव्य ठरते.

कारागीर बांधवांनी एक सवय लावून घ्यावी. गळतीची जागा गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दाखवावी, मजुरी काम खोलण्यापूर्वी ठरवावी आणि काढलेले जुने सील त्याच्या हातात द्यावे. "सीलची गरज नाही, पॅकिंगवर भागेल," असे सांगणाऱ्याची त्या दिवशीची कमाई थोडी कमी होईल. पण पुढची गाडी तो मालक त्याच्याच दारात आणील.