आस्थापना शाखेची पन्नास वर्षं : नियम वाढले, तारखा हुकल्या

खासगी कंपनीतला मनुष्यबळ विभागाचा प्रमुख माणूस निवडतो, त्याचा पगार ठरवतो, त्याला बढती देतो आणि नकोसा झाला तर निरोपही देतो. सरकारी खात्यात हेच काम सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती यातलं जवळजवळ काहीच नसतं. माणसं लोकसेवा आयोग किंवा निवड समिती निवडते. पगार वेतन आयोगाच्या शिफारशींवर ठरतो. खात्यात किती पदं असावीत, म्हणजे आकृतिबंध काय असावा, याला वित्त विभागाची आणि सचिवांच्या उच्चस्तरीय समितीची मान्यता लागते. धोरण सामान्य प्रशासन विभागाचं. कुणाला काढायचं म्हटलं तर संविधानाचा अनुच्छेद ३११ समोर उभा असतो. मग आस्थापना शाखेचा प्रमुख करतो तरी काय? महाराष्ट्राच्या गेल्या जवळपास पन्नास वर्षांचा हिशेब मांडला तर उत्तर सापडतं. तो तारखा पाळतो, नाहीतर चुकवतो. आणि हजारो माणसांच्या नोकरीतलं बरंवाईट त्यावर ठरतं.

सुरुवात डिसेंबर १९७७ पासून करावी लागते. र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली राज्य सरकारी कर्मचारी संपावर गेले आणि तो संप ५४ दिवस चालला. मुख्य मागणी होती केंद्राच्या कर्मचाऱ्यांइतक्या महागाई भत्त्याची. पुढे केंद्राच्या धर्तीवर भत्ता आणि केंद्राच्या पाठोपाठ वेतन आयोग हे सूत्र राज्यात रुजलं. त्या संपामुळे आणखी एक गोष्ट झाली. पगाराचा प्रश्न खात्याखात्यांतून उठून थेट मुख्यमंत्री आणि संघटना यांच्यातल्या वाटाघाटींत गेला. आस्थापना शाखेकडे उरली ती सेवा: रुजू झाल्या दिवसापासून निवृत्तिवेतनापर्यंतची कागदोपत्री वाटचाल.

त्या वाटचालीचे नियमही त्याच सुमारास लिहिले गेले. राज्यात मुंबई प्रांत, मध्य प्रांत-वऱ्हाड आणि हैदराबाद अशा तीन ठिकाणांहून आलेले कर्मचारी होते. प्रत्येकाच्या सेवाशर्तींची परंपरा वेगळी. १९७९ मध्ये वर्तणूक नियम आणि शिस्त व अपील नियम आले, १९८१ मध्ये सेवेच्या सर्वसाधारण शर्ती, वेतन, रजा आणि पदग्रहण अवधीचे, १९८२ मध्ये निवृत्तिवेतनाचे आणि ज्येष्ठतेचे. तीन वर्षांत एवढा संसार उभा राहिला. यातले बरेचसे नियम दुरुस्त्यांसह आजही टेबलावर आहेत. म्हणजे आपल्याकडे नियम नव्हते म्हणून काही अडलं, असं म्हणायला जागा नाही.

अडलं ते सेवापुस्तकात. कर्मचाऱ्याची जन्मतारीख, जात, नेमणूक, वेतननिश्चिती, वेतनवाढी, रजेचा हिशेब, सगळं या एका पुस्तकात. नोंदी वेळच्या वेळी घ्यायच्या, दरवर्षी सेवा पडताळून कर्मचाऱ्याला पुस्तक दाखवायचं आणि त्याची सही घ्यायची, असा नियम आहे. प्रत्यक्षात बदलीच्या गावी पुस्तक सहा-सहा महिने पोहोचत नाही, आस्थापनेचा लिपिक बदलला की नोंदी मागे पडतात आणि सगळं उघडं पडतं ते निवृत्तीच्या तोंडावर. वेतन पडताळणी पथकाकडे पुस्तक गेलं की पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या वेतननिश्चितीतली चूक सापडते. चूक कचेरीची, वसुली मात्र कर्मचाऱ्याच्या उपदानातून. अशी वसुली इतकी सर्रास होऊ लागली की सर्वोच्च न्यायालयाला २०१४ मध्ये रफिक मसीह प्रकरणात हात घालावा लागला. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीचे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे, यांच्याकडून अशी वसुली करू नये, असं न्यायालयाने सांगितलं. दरवर्षी एक सही घेतली असती तर यातली किती तरी प्रकरणं कोर्टाची पायरी चढली नसती. पगाराची बिलं ‘सेवार्थ’ या प्रणालीत आली, त्यामुळे पगार वेळेवर होऊ लागले आणि नावानिशी नोंद दिसू लागली. पण संगणकाला जुन्या पुस्तकातली राहिलेली नोंद सापडत नाही; ती माणसालाच शोधावी लागते.

नव्वदच्या दशकात शाखेच्या कामाचं स्वरूप पालटलं. १९९१ मध्ये महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण सुरू झालं. कचेरीच्या बोलीत ‘मॅट’. तोवर साहेबाचा आदेश म्हणजे शेवट असं मानणाऱ्या लिपिकाला दाद मागायला मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद इथे दार मिळालं. १९९४ च्या महिला धोरणाने शासकीय नोकऱ्यांत महिलांसाठी ३० टक्के आरक्षण आलं. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सबरवाल प्रकरणात सांगितलं की आरक्षण रिक्त जागांवर नव्हे, पदांवर मोजायचं. राज्याने १९९७ मध्ये त्यानुसार शासन निर्णय काढला आणि प्रत्येक संवर्गाची बिंदुनामावली नव्याने लिहिणं भाग पडलं.

बिंदुनामावली हा आस्थापना शाखेतला सर्वांत अवघड आणि सर्वांत दुर्लक्षित कागद. कोणत्या बिंदूवर कोणत्या प्रवर्गाचा माणूस बसला आहे, कोण निवृत्त झाल्यावर त्या जागी कोणत्या प्रवर्गाचा यायला हवा, सरळसेवेच्या किती आणि पदोन्नतीच्या किती, हे तिथे ओळीने लिहिलेलं असतं. विभागीय आयुक्तांकडच्या मागासवर्ग कक्षाने ती तपासून दिल्याशिवाय भरतीचं मागणीपत्र पुढे जात नाही. एका कर्मचाऱ्याचं जातवैधता प्रमाणपत्र पुस्तकाला लावलेलं नसलं की अख्खी नोंदवही परत येते. भरती रखडली की लोक मंत्र्यांना दोष देतात; पण अनेकदा ती रखडलेली असते एका जिल्ह्याच्या अद्ययावत न झालेल्या बिंदुनामावलीपाशी. शिवाय तिथे फक्त हिशेब अडत नाही. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या कचेरीच्या दाराबाहेर ठेवलं, त्यांच्यातला कुणी आत येणार की नाही, हे त्या ओळींवर ठरत असतं.

पदोन्नतीचं दुखणं त्याहून जुनं. सरकारने १९९४ पासून कालबद्ध पदोन्नती लागू केली. एकाच पदावर बारा वर्षं काढली की वरच्या पदाची वेतनश्रेणी. २००१ मध्ये तिची आश्वासित प्रगती योजना झाली आणि सातव्या वेतन आयोगानंतर दहा, वीस, तीस वर्षांचे टप्पे आले. योजना कर्मचाऱ्याच्या हिताचीच. पण बढती वेळेवर मिळत नाही, निदान पैसे तरी द्या, ही सरकारची कबुलीही त्यात आहे. दर १ जानेवारीच्या स्थितीला अनुसरून ज्येष्ठता यादी प्रसिद्ध करायची, हरकती ऐकायच्या, अंतिम करायची आणि त्यावर विभागीय पदोन्नती समितीची, म्हणजे डीपीसीची, बैठक घ्यायची एवढा हा क्रम. यादी दोन-दोन वर्षं निघत नाही, मग डीपीसीला गोपनीय अहवाल अपुरे पडतात, आणि अहवाल जमेपर्यंत यादीतला पहिला माणूस निवृत्त होतो.

यात २०१७ मध्ये न्यायालयीन पेच पडला. पदोन्नतीतल्या आरक्षणाचा २००४ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०१७ रोजी रद्द केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्याने आरक्षित ३३ टक्के जागा रिक्त ठेवून बाकी भरायचा आदेश काढला. ७ मे २०२१ रोजी तोही मागे घेऊन २५ मे २००४ च्या ज्येष्ठतेनुसार सर्व पदं भरायला सांगितलं. तीन महिन्यांत दोन उलटसुलट आदेश. आस्थापनेवर बसलेल्या माणसाने यादी कोणत्या तारखेची करायची, हाच प्रश्न होता. इथे त्याला दोष देता येत नाही. इथे तारीख हुकली ती वरच.

बदल्यांच्या बाबतीत मात्र तारीख कायद्यातच लिहिली गेली. अण्णा हजारे यांच्या आंदोलनांनंतर आलेला बदल्यांचा अधिनियम, २००५ हा १ जुलै २००६ पासून अमलात आला. त्याचं लांबलचक नाव दोन गोष्टी सांगतं: बदल्यांचं विनियमन आणि शासकीय कामातल्या विलंबाला प्रतिबंध. एका पदावर साधारण तीन वर्षं, बदल्या एप्रिल-मे महिन्यांतच, आणि कुणाच्याही टेबलावर फाईल सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त थांबता कामा नये. मुदतीपूर्वी किंवा अवेळी बदली करायचीच असेल तर खास कारण लेखी नोंदवून वरिष्ठ प्राधिकाऱ्याची मान्यता घ्यायची.

कायद्याने बरंच साधलं. आपली मुदत किती आणि बदली कधी होणार, हे कर्मचाऱ्याला पहिल्यांदाच आधी कळू लागलं. मुलाची शाळा, घराचं भाडं, आजारी आईवडील यांचा विचार करायला मे महिना हाताशी आला. कारण न लिहिता काढलेले आदेश मॅटने वेळोवेळी रद्द केले. काही खात्यांनी समुपदेशनाने बदल्या सुरू केल्या. समोर रिक्त जागांची यादी, ज्येष्ठतेने बोलावणं, कर्मचाऱ्याने स्वतः जागा निवडायची. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांच्या बदल्या २०१७ पासून ऑनलाइन झाल्या. नाराजी तिथेही राहिली, पती-पत्नी एकत्रीकरण आणि अवघड क्षेत्र यांवर वाद झाले. पण वाद निकषांवर झाला, वशिल्यावर नव्हे. हीच मोठी गोष्ट.

ज्या कलमाने अपवाद ठेवला, त्याच कलमाने खिंडार पाडलं. ‘प्रशासकीय कारणास्तव’ या दोन शब्दांत काय काय मावतं, हे कचेरीतल्या शिपायालाही ठाऊक असतं. आणि कायद्याचा दुसरा अर्धा भाग, सात दिवसांत फाईल हलवण्याचा, बदल्यांच्या गोंगाटात जवळजवळ विस्मरणात गेला.

२००५ सालानेच दुसरी रेघ ओढली. १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू होणाऱ्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना बंद झाली आणि परिभाषित अंशदान योजना आली. या रेघेची एक कडू बाजू आस्थापनेतच तयार झाली. ज्यांच्या पदाची जाहिरात या तारखेआधी निघाली, पण निकाल, पडताळणी, नियुक्तिपत्र यांत वेळ गेल्याने जे नंतर रुजू झाले, ते सगळे नव्या योजनेत ढकलले गेले. विलंब कचेरीचा, निवृत्तिवेतन गेलं कर्मचाऱ्याचं. २०२४ च्या सुरुवातीला सरकारने अशांना जुन्या योजनेचा पर्याय दिला, म्हणजे अठरा वर्षांनंतर. त्याआधी १४ मार्च २०२३ पासून जुन्या निवृत्तिवेतनासाठी पुन्हा राज्यव्यापी संप झाला होता आणि आठवडाभरात मिटला होता.

शिस्तीच्या बाजूलाही हीच गोष्ट. निलंबन ही शिक्षा नव्हे, असं नियम सांगतात. पण दोषारोपपत्रच दिलं नाही तर ती शिक्षाच होते, आणि सरकारचं नुकसानही, कारण घरी बसवलेल्या माणसाला निर्वाह भत्ता द्यावाच लागतो. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अजयकुमार चौधरी प्रकरणात म्हटलं की ९० दिवसांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे चालू ठेवता येणार नाही. राज्याने २०१९ मध्ये तसा शासन निर्णय काढला. त्याआधी २००८ मध्ये देवदत्त प्रकरणात न्यायालयाने गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद, नुसती वाईटच नव्हे, कर्मचाऱ्याला कळवायला सांगितलं. त्यामुळे ‘सीआर’मधलं गुपित संपलं. आता साहेबाने वर्षअखेरीस काय लिहिलं ते कळतं, त्यावर म्हणणं मांडता येतं. मात्र लिहायचंच राहून गेलेल्या अहवालावर काय म्हणणं मांडणार?

भरतीची कथा सर्वांना ठाऊक आहे. ऑनलाइन भरती परीक्षांसाठी महापरीक्षा पोर्टल आलं, तक्रारींच्या ओझ्याने २०२० मध्ये बंद झालं. २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या परीक्षेत पेपर फुटला. मग परीक्षा टीसीएस आणि आयबीपीएस या संस्थांकडे गेल्या. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. त्याच वर्षी बाह्य यंत्रणेमार्फत कंत्राटी माणसं घेण्याचा निर्णय निघाला आणि ऑक्टोबरमध्ये रद्द झाला. दरवर्षी निवृत्त होणाऱ्यांची यादी शाखेकडे आधीच असते. जन्मतारीख सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर असते. तरीही जागा दरवर्षी भरल्या गेल्या नाहीत, साठत गेल्या. दहा लाखांच्या झुंबडीत त्याचा वाटा मोठा आहे.

या सगळ्या वर्षांत सुधारणा झाल्या, यात शंका नाही. पण भत्ता संपामुळे आला, बदल्यांचा कायदा आंदोलनामुळे, सीआर आणि निलंबनाची शिस्त न्यायालयामुळे. शाखेने स्वतःहून उचललेलं पाऊल शोधावं लागतं. यशदा या राज्याच्या प्रशिक्षण संस्थेत प्रशिक्षणं झाली, २०२० मध्ये केंद्राचं ‘मिशन कर्मयोगी’ आलं, नेतृत्व या विषयावर व्याख्यानं झाली. सरकारी खात्यात माणसं सांभाळण्याचं नेतृत्व त्याहून साधं आहे आणि म्हणूनच दुर्मीळ आहे.

निवृत्तीच्या २४ महिने आधी कागद तयार करायला घ्यायचे आणि सहा महिने आधी महालेखापालांकडे पाठवायचे, हा नियम १९८२ पासून आहे. त्यासाठी नवं ॲप नको, नवी समिती नको. प्रत्येक खात्याच्या प्रमुखाने दर १ जानेवारीला चार गोष्टी कचेरीच्या फलकावर लावाव्यात: अंतिम ज्येष्ठता यादी, पुढच्या डीपीसीची तारीख, ९० दिवसांपेक्षा जुन्या निलंबनांची संख्या आणि निवृत्त होऊनही निवृत्तिवेतन सुरू न झालेल्यांची संख्या. शेवटच्या दोन आकड्यांपुढे शून्य लिहिता आलं, तर त्या खात्यात मनुष्यबळाचं नेतृत्व आहे असं समजावं.