गुरुजींचा खिसा आणि सरकारचा कर

जून उजाडला की किनवटच्या डोंगरपट्ट्यातील अथवा निलंग्याकडील एखाद्या जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी नांदेड-लातूरच्या बाजारास जातात आणि रंगीत पुठ्ठे, कातर, डिंक, खडू असे सामान पदरमोड करून आणतात. ज्या मुलांच्या घरी गोंडी वा बंजारा बोली चालते, त्यांस मराठी अक्षरओळख करून द्यावयाची तर चित्रांवाचून गत्यंतर नाही. क्रीडाशिक्षकाचीही तीच गत; फाटलेला चेंडू बदलावयाचा तो पुष्कळदा त्यानेच. महिनाअखेर हिशेब मांडताना गृहिणीच्या मनात सहजच येते, हा खर्च संसाराचा की शाळेचा? आणि शाळेचा असेल, तर तेवढ्या रकमेवर आयकर तरी का भरावा?

हा प्रश्न वाजवी आहे, आणि आपल्या कायद्यानेही तो एकेकाळी मान्य केला होता. 1961 च्या आयकर कायद्याच्या सोळाव्या कलमात, आपल्या कामासाठी लागणाऱ्या पुस्तकांवरील वार्षिक 500 रुपयांपर्यंतचा खर्च पगारदारास उत्पन्नातून वजा करता येत असे. 1974 मध्ये ही तरतूद जाऊन तिच्या जागी सर्व पगारदारांस पावतीवाचून मिळणारी प्रमाणित वजावट आली. 2005 मध्ये तीही गेली. 2018 मध्ये 40,000 रुपयांच्या रूपाने ती परतली, 2019 मध्ये 50,000 झाली आणि 2024 मध्ये नव्या करपद्धतीपुरती 75,000 झाली. गुरुजींचा पुठ्ठा व खडू यातच धरलेला आहे. पावत्यांची चळत जपली तरी अधिक एक पैही सुटत नाही.

याउलट, लातुरात स्वतःची शिकवणी चालविणारा शिक्षक किंवा स्वतंत्रपणे खेळ शिकविणारा प्रशिक्षक हा व्यावसायिक ठरतो. त्यास तोच खडू, तोच चेंडू व्यवसायाचा खर्च म्हणून दाखविता येतो. अमेरिकेत शाळाशिक्षकांस 2002 पासून अशा खरेदीसाठी 250 डॉलरांची खास वजावट मिळू लागली. 2022 मध्ये ती 300 झाली.

मग आपणही तशीच सवलत मागावी काय? येथे थोडे थांबून विचार करणे इष्ट आहे. वजावटीचा लाभ जो कर भरतो त्यासच. प्राथमिक शाळेतील शिक्षणसेवकाचे मानधन 2023 मध्ये 6,000 वरून 16,000 रुपये झाले. म्हणजे वर्षास 1,92,000. त्यास कर मुळीच लागत नाही, तेव्हा वजावट घेऊन तो काय करणार? 2025-26 या वर्षी तर नव्या पद्धतीत पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारावर कर उरला नव्हता. ज्याचा खिसा सर्वांत हलका, त्याच्याच हाती या सवलतीतून काही पडत नाही!

त्यास हवे आहे ते अनुदान. सर्व शिक्षा अभियानात अध्ययनसाहित्यासाठी प्रत्येक शिक्षकास वर्षाला 500 रुपये मिळत. 2018 मध्ये समग्र शिक्षा योजना आली, आणि शाळेस पटसंख्येवरून एकत्रित अनुदान देण्याची रीत पडली. वीज, दुरुस्ती, स्वच्छता व शैक्षणिक साहित्य हे सारे त्यातूनच भागवावयाचे. विजेचे देयक आधी आणि चित्रपट्टी मागाहून, असे होणे ओघानेच आले. तथापि 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीस शाळेचा विकास आराखडा करण्याचे व अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवण्याचे काम दिले आहे, आणि या समितीत बहुसंख्य सभासद पालकच असतात.

म्हणून गुरुजींच्या घरातील गृहिणींस एक सुचवावेसे वाटते. शाळेच्या खरेदीसाठी एक निराळी वही घालावी. तारीख, वस्तू व रक्कम तीत टिपावी. आयकर कचेरीत त्या वहीस किंमत नसली, तरी समितीच्या बैठकीत ती मांडता येईल. गुरुजी मुलांसाठी आपण होऊन देतात ते दानच होय. परंतु ते दान आहे हे गावाला ठाऊक तरी असावे, आणि गावाने त्यावरच विसंबून राहू नये.