गॅमा किरण स्फोटांचा उगम
गॅमा किरण स्फोट हे विश्वातील सर्वांत तेजस्वी स्फोट होत. दोन सेकंदांहून दीर्घ स्फोट सामान्यतः महाकाय ताऱ्याचा गाभा कोसळल्याने, तर अल्पकालीन स्फोट न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून होतात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी गुरुत्वीय लहरींनी अशा मीलनाला पुष्टी दिली. मात्र ११ डिसेंबर २०२१ च्या सुमारे ५० सेकंदांच्या स्फोटातही मीलनाचीच चिन्हे आढळली. अर्थात, केवळ कालावधीवरून उगम ठरत नाही. स्फोटानंतर झपाट्याने मावळणारी प्रभा तपासावी लागते. लडाखमधील हानले येथील हिमालयन चंद्र दुर्बिणीने अशी प्रभा अनेकदा टिपली आहे. बेंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था ही दुर्बीण होसकोटे येथून उपग्रह-संपर्काद्वारे चालवते. असे ज्ञान बाजारपेठ पुरवत नाही. त्याकरिता सातत्यपूर्ण सार्वजनिक गुंतवणूकच आवश्यक ठरते.