मोजणाऱ्यांची वही

केस पेपरवर ‘पोटाचा कॅन्सर’ एवढेच लिहिलेले असते. घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकायला तेवढे पुरते. छत्रपती संभाजीनगरच्या कर्करोग नोंदणीतल्या माणसाचे काम मात्र त्या दोन शब्दांपासून सुरू होते. पोट म्हणजे जठर की आतडे? निदान बायोप्सीने झाले की नुसत्या सोनोग्राफीवरून? पेशंट शहरातला की बाहेरचा?

इंडियन कॅन्सर सोसायटीने 1963 साली मुंबईत देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. त्यानंतर 1973मध्ये पुण्यात आणि 1978मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत. केंद्राचा राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम 1981च्या अखेरीस आला, म्हणजे त्याच्या आधीपासून मराठवाड्यातले हे शहर आपले रुग्ण मोजत होते. ही गोष्ट गावातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे, याची हळहळ वाटते.

रुग्णालयातले पेशंट मोजणे आणि शहरातला आजार मोजणे यांत मोठा फरक आहे. जालन्याहून किंवा बीडहून इथे उपचाराला आलेला माणूस या वहीत येत नाही. उलट, सिडकोतली एखादी बाई मुंबईला टाटात दाखल झाली, तरी तिची नोंद इथलीच. किमान वर्षभर राहणारा तो रहिवासी, असा नियम आहे. त्यामुळे रुग्णालये, पॅथॉलॉजी लॅब, मृत्युनोंदी असे सगळीकडे हिंडून कागद चाळावे लागतात. एकच बाई एका कागदावर शकुंतला, दुसऱ्यावर शकुंतलाबाई आणि तिसऱ्यावर माहेरच्या आडनावाने असते. वय, पत्ता, तपासणीची तारीख जुळवून त्या तिघींची एक करायची. 2011च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 11,75,116 होती. एवढ्या वस्तीत वर्षाला जठराच्या कर्करोगाचे रुग्ण मोजकेच निघतात. त्यात एक जरी दोनदा धरला तरी दर चुकतो.

या दरांमुळेच एक कोडे समोर आले. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू उजेडात आणला. मार्शल यांनी तर 1984मध्ये तो स्वतः पिऊन पाहिला. 1994मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला कर्करोगकारक ठरवले आणि 2005मध्ये दोघांना नोबेल मिळाले. भारतात हा जंतू घरोघरी आहे, तरी जठराचा कर्करोग बहुतेक भागांत कमी. मिझोरममधल्या ऐझॉलमध्ये मात्र तो देशात सर्वाधिक. तिथे धुरावलेले मांस आणि ‘तुइबूर’ म्हणजे तंबाखूच्या धुराचे पाणी यांच्याकडे संशोधकांचा रोख आहे. दोन्हीकडे कोणी मोजले नसते, तर हा फरक दिसलाच नसता.

आतड्याच्या दाहाच्या आजारांना असे मोजणारे फारसे लाभले नाहीत. लुधियाना जिल्ह्यात डॉ. अजित सूद आणि सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन 51,910 लोकांची पाहणी केली. 2003मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अल्सरेटिव्ह कोलायटिसचे प्रमाण लाखामागे सुमारे 44 निघाले. क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्याच दुसऱ्या आजाराची अडचण आणखी वेगळी. आपल्याकडे आतड्याचा क्षय हुबेहूब त्याच्यासारखा दिसतो, आणि कित्येकांची क्षयाची औषधे आधी महिनोन् महिने चालतात. निदानच डळमळीत असेल तर मोजायचे काय? त्यात जुन्या कोलायटिसने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून दाह आणि कर्करोग एकमेकांपासून तोडून पाहता येत नाहीत.

पुन्हा त्या केस पेपरकडे. जठराच्या कर्करोगाचा संकेतांक सी 16. अन्ननलिका जठराला मिळते तिथली गाठ असेल तर पुढे शून्य, खालच्या टोकाकडची असेल तर तीन, आणि जागा लिहिलेलीच नसेल तर नऊ. पायलोरीचा संबंध मुख्यतः वरचे तोंड सोडून उरलेल्या जठराशी आहे. त्यामुळे नऊ आकडा टाकला की तो रुग्ण मोजणीत राहतो, पण जंतूच्या प्रश्नाला काहीच सांगू शकत नाही. म्हणून नोंद करणारा नऊ लिहिण्याआधी फाइल पुन्हा उघडतो आणि एंडोस्कोपीच्या कागदावर डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात जागेचा तो एक शब्द शोधत बसतो.