सड्याची पाहणी पावसातच हवी

मोरा बंदरावर लाँचमधून उतरून पावसाच्या तोंडाशी उरणच्या बाजारात गेलं, की आदिवासी बायकांपुढे रानभाज्यांचे वाटे दिसतात. शेवळं, फोडशी, टाकळा, कवळा. शेवळं जेमतेम काही आठवडे मिळतात आणि मग थेट पुढच्या वर्षी. ती ज्या जमिनीतून उगवतात तिथे एप्रिलमध्ये फिरणाऱ्याला त्यांचा मागमूसही लागत नाही. कंद मातीखाली दडून असतो.

खाणींच्या पर्यावरण अहवालांची गोम इथेच आहे. खाणीच्या परवानगीआधी करायच्या अभ्यासात हवा, पाणी, माती, वनस्पती आणि प्राणी यांची माहिती एकाच हंगामात, तीही पावसाळा सोडून, गोळा करण्याची अट सर्रास घातली जाते. धूळ मोजायला ती योग्यच, कारण पाऊस धूळ खाली बसवतो. रोपट्यांना तोच नियम लावणं मात्र साफ चूक आहे.

श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत बॉक्साइट सापडतं ते जांभ्याच्या सड्यांवर. मे महिन्यात सडा म्हणजे तापलेला कातळ. जुलैत त्याच कातळावरच्या बोटभर मातीत गेंद फुलतो, सीतेची आसवं निळी-जांभळी पसरतात, दवबिंदू चिकट केसांनी किडे धरतो. या मातीत नत्र फार कमी, म्हणून सीतेची आसवं आणि दवबिंदू ते किड्यांकडून मिळवतात. डिपकॅडी कोंकणेन्स ही पांढऱ्या फुलांची कंदवर्गीय वनस्पती तर कोकण-गोव्याच्या पट्ट्याबाहेर आढळत नाही. उन्हाळी अहवालात यातलं काय येणार?

खरी पाहणी चिकाटीची असते. एक मीटर लांब-रुंद चौकट जमिनीवर ठेवायची, आतली प्रत्येक जात मोजायची, नवी जात सापडेनाशी होईपर्यंत जागा बदलत राहायचं. पहिल्या पावसानंतर, ऑगस्टमध्ये आणि सप्टेंबरअखेर, अशा किमान तीन फेऱ्या हव्यात. गवतं तर तुऱ्याशिवाय नीट ओळखू येत नाहीत. शंका राहिली तर नमुना पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाच्या संग्रहाशी ताडून पाहता येतो. कासच्या पठारावरची टोपली कारवी सात वर्षांनी फुलते, तेव्हा एक पावसाळाही तसा अपुराच.

खाणीनंतर झाडं लावून या रोपांची भरपाई होत नाही. सड्याची माती खरवडली, की तिच्यातलं बी आणि कंदही जातात, आणि सावलीत ही उन्हाची रोपं जगत नाहीत.

2006 च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार खाणीच्या जनसुनावणीआधी किमान 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात व जिल्हा परिषदेत पाहता येतो. आपल्या गावाजवळ अशी नोटीस निघाली, तर वनस्पतींची पाहणी कोणत्या महिन्यांत केली हे आधी तपासा. त्यात पावसाळा नसेल, तर तो हरकतीचा पहिला मुद्दा करा, आणि लेखी द्या.