पाट्याला कमान, जीपला उंची

जुन्या महिंद्रा एमएम ५४० ची उंची वाढवायची म्हटलं की बहुतेक जण आधी लिफ्ट किटचा भाव विचारतात. आधी विचारायला हवं ते वेगळंच आहे: ही गाडी मुळात किती उंच होती आणि आज किती खाली बसली आहे? तीन-चार दशकं रस्त्यावर काढलेली, त्यातली काही वर्षं वडापला किंवा शेताच्या बांधावर ओझं वाहण्यात घालवलेली जीप जवळजवळ नेहमीच बसकी झालेली असते. तिची हरवलेली उंची परत मिळवणं हाच सर्वांत स्वस्त लिफ्ट. ते काम आपल्याकडे गावोगावच्या कमानपाट्याच्या दुकानांत होतं, आणि उत्तम होतं.

या जीपचं घराणं मुंबईचं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस माझगावात विलीज जीपची जुळणी सुरू झाली आणि पुढे महिंद्राने परवान्यावर ती इथेच बनवली. एमएम ५४० ऐंशीच्या दशकातली. ९१ इंचांचा आखूड व्हीलबेस, प्युजोच्या रचनेवर आधारलेलं डिझेल इंजिन, शिडीसारखी चासी आणि चारही चाकांवर पोलादी पाटे. पोलीस, लष्कर, वनखातं, साखर कारखान्याचा शेतकी विभाग, सगळीकडे ती राबली. तिच्या सस्पेन्शनमध्ये सेन्सर नाही, हवेची पिशवी नाही, कॉइलसुद्धा नाही. घण, पाना आणि टेप हाताशी असलेल्या माणसाला ते पूर्ण समजू शकतं. जुन्या गाडीच्या मालकाला याहून मोठी सवलत कुठली मिळणार?

मोजमापाने सुरुवात करायची. गाडी सपाट जमिनीवर उभी करायची, चारही टायरांत सारखी हवा भरायची आणि हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर घ्यायचं. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीज हिशेबात शिरते. चालकाची बाजू बहुधा जास्त बसलेली आढळते. हे चार आकडे हाती नसताना दुकानात गेलं, की आपण काय मागतोय हे मिस्त्रीलाही कळत नाही.

आता पाट्याचं पोट पाहू. एका जुडग्यात एकाखाली एक आखूड होत गेलेले पाटे असतात. ते सुटे केले तर प्रत्येकाची कमान वेगळी दिसते. आखूड पाटा जास्त वळलेला, लांब पाटा कमी. म्हणून सेंटर बोल्ट आवळण्याआधी त्यांच्यात फट राहते, आणि बोल्ट आवळला की आखूड पाट्याची टोकं वरच्या पाट्याला घट्ट चिकटून त्याला आधार देतात. वर्षानुवर्षांच्या ओझ्याने ही कमान उतरते. मधल्या सांध्यांत गंज भरतो, पाटे एकमेकांवर सरकेनासे होतात. मग गाडी बसते आणि वर धक्केही जास्त देते.

मिस्त्री सेंटर बोल्ट काढून पाटे वेगळे करतो, घासतो, प्रत्येकाला तडा आहे का ते पाहतो, मुख्यतः सेंटर बोल्टच्या भोकाभोवती. मग पाटा ऐरणीच्या खाचेवर आडवा ठेवायचा, पोटाची बाजू वर, आणि थंड पाट्यावर घणाचे घाव टाकत जायचं. दोन बोटं सरकव, एक घाव. पुन्हा दोन बोटं, पुन्हा घाव. मधेच पाटा उचलून फरशीवर खडूने काढलेल्या रेघेवर धरून बघायचा. घाव एका जागी जास्त पडला तर तिथे कोन येतो आणि पुढे पाटा तिथेच तुटतो. गॅस कटरने लाल करून पाटा झटकन वळवणाऱ्यापासून दूर राहिलेलं बरं. पाट्याचं पोलाद तेलात विझवून, पुन्हा ठरावीक तापमानाला भाजून चिवट केलेलं असतं. उघड्या ज्योतीने ते पाणी उतरतं आणि पाटा काही महिन्यांत पुन्हा सपाट होतो. अनुभवी मिस्त्री सरळ सांगतो, “साहेब, तापवला की पाटा मेला.”

याउपर थोडी उंची हवी असेल तर जुडग्यात एक पाटा वाढवता येतो. भंगारातून आणलेला चालतो, पण रुंदी तीच हवी आणि जाडीची हाव नको. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. ६ मिलिमीटरच्या जागी तेवढाच लांब ८ मिलिमीटरचा पाटा टाकला, तर तो एकटाच दुपटीहून ताठ होतो. गाडी उंच दिसेल, पण खड्ड्यात चाक खाली उतरायचंच नाही. मग उंची घेऊन करायचं काय?

शॅकल म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणारा झुलता दुवा. तो लांब घेणं हा दुसरा स्वस्त मार्ग. शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असल्याने २ इंच लांबी वाढवली की गाडी जेमतेम १ इंच उठते. पुढचं शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल तर ते लांबवल्यावर ॲक्सल पुढे झुकतो, कॅस्टरचा कोन कमी होतो, स्टिअरिंग सरळ धरून राहत नाही. ॲक्सल आणि पाट्यामध्ये उतरती पाचर बसवून तो कोन परत आणावा लागतो. पाचरीचा खर्च किरकोळ आहे. ती टाळलेली गाडी घाटात चालवू नये.

बाजारात लोखंडी ठोकळेही मिळतात. ते या जीपला लावायला निघालेल्याला मी हात जोडून थांबवीन. हिचा पाटा ॲक्सलच्या खालून जातो, त्यामुळे मधे ठोकळा घातला तर गाडी उलट खाली येते. पाटा ॲक्सलच्या वर घेतला तर ॲक्सलच्या नळीची आणि जुडग्याची जाडी मिळून बरीच उंची एकदम मिळते, आणि नवे पाटे लागत नाहीत म्हणून हे स्वस्त वाटतं. खर्च नंतर सुरू होतो. नळीवर पाट्यांच्या नव्या बैठका वेल्ड करा, स्टिअरिंगचे दांडे वर घ्या, ब्रेकचे होज लांबवा. आखूड व्हीलबेसमुळे मागचा प्रॉपेलर शाफ्टही आखूड, म्हणून त्याचा कोन झपाट्याने तिरपा होतो आणि युनिव्हर्सल जॉइंट लवकर झिजतात. वर अरुंद अंगाची जीप इतकी उचलली की आडव्या उतारावर कलंडण्याचा धोका वेगळाच. कमी पैशात हे काम नीट होत नाही, आणि अर्धवट झालेलं माणसाच्या जिवावर येतं.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पाट्यांनी बॉडी वर जाते, डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो. त्याला उचलतो तो फक्त टायर. २१५/७५ आर१५ वरून २३५/७५ आर१५ वर गेलं की व्यास साधारण ३० मिलिमीटर वाढतो आणि गोळा १५ मिलिमीटर वर येतो.

कायद्याचंही भान हवं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत मनाला येईल तसा बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ नुसार अशा प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. उतरलेल्या पाट्याला मूळ कमान देणं ही मात्र दुरुस्ती आहे. मला हा मार्ग पटतो त्याचं हेही एक कारण.

किटचे वाचलेले पैसे नव्या बुश, शॅकल पिना, शॉक ॲब्सॉर्बर आणि यू-बोल्टवर घालावेत. जुने यू-बोल्ट एकदा ताणले गेलेले असतात, ते पुन्हा वापरू नयेत. जुळणी झाली की चासीखाली जॅक लावून चाकं लोंबती करायची आणि खाली झोपून बघायचं: ब्रेकचा होज ताणला जातोय का, शॉक आधीच संपतोय का, शाफ्टचा सरकता सांधा पुरेसा आत आहे का. रबरी बुश असतील तर शॅकलचे बोल्ट गाडीचं वजन जमिनीवर आल्यावरच शेवटचे आवळायचे, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. पुढच्या चाकांची अलाइनमेंट करून घ्यायची, हेडलाइटचा झोत खाली घ्यायचा. शे-दोनशे किलोमीटर झाले की पाटे थोडे बसतात आणि यू-बोल्ट सैल पडतात. तेव्हा ते पुन्हा आवळायचे आणि हबपासून मडगार्डपर्यंतचे चारही आकडे नव्याने लिहून घ्यायचे.